समितीचा कन्नड वाचणारा पोरगा

माझ्यावर दोन गुन्हे दाखल आहेत आणि दोन्हींची आरोपपत्रं मला स्वतःला वाचता येतात, याचं आमच्या समितीत, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून झगडणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीत, फार कौतुक आहे. आरोपपत्र कन्नडमध्ये असतं. आम्ही मराठीसाठी घोषणा देऊन पकडले गेलेलो असतो. मग तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात बाकड्यावर बसून मी बाकीच्या आठ-दहा जणांना त्यांनी काय केलं ते मराठीतून वाचून दाखवतो. एकदा एकाला सांगितलं, "तू दगड मारलास असं कुठं लिहिलेलं नाही. नुसत्या घोषणा दिल्यास." गडी जरा खट्टूच झाला.

मी बेळगाव तालुक्यातला. गाव शहराच्या दक्षिणेला. आयटीआय केलं आणि तेव्हापासून उद्यमबागेतल्या कारखान्यात व्हीएमसी या धातू कापायच्या मशीनवर शिफ्ट करतो. घरी दोन एकर आठ गुंठे भाताची जमीन. पावसाळ्यात भात, मग त्याच ओलीवर मसूर.

चळवळीत कसा आलास असं कुणी विचारलं की रक्तातच होतं असं सांगायची आमच्याकडे पद्धत आहे. ते अगदीच खोटं नाही. आमच्या घरच्या कॅलेंडरवर तीन तारखा कुणी गोल न करताही ठरलेल्या असतात. १७ जानेवारी, १९५६ साली सीमाभागात गोळीबार झाला तो दिवस. १ जून, १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांसाठी हिंडलग्याच्या स्मारकावर जायचा दिवस. आणि १ नोव्हेंबर, काळा दिन. १९५६ च्या त्या तारखेला राज्यांची पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्या वेळी बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा इकडे न येता मुंबई राज्यात राहिला. आईचं माहेर चंदगड तालुक्यातलं. बोली तीच, भात तेच, नाचणीची भाकरी तीच. पण मामाचा सातबारा मराठीत आणि आमचा उतारा कन्नडमध्ये. लहानपणी मला वाटायचं, मामा श्रीमंत म्हणून त्याला मराठीत मिळतो.

आमचे आबा लोकसभेला उभे होते. हे सांगितलं की नवा माणूस चपापतो, म्हणून पुढचं लगेच सांगून टाकतो. १९९६ साली बेळगावातून ४५६ उमेदवार होते. सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष जावं म्हणून समितीने गावोगावची माणसं उभी केली होती, त्यात आबा एक. अनामत रक्कम तेव्हा ५०० रुपये. ती गेली. आपल्याला मतं किती पडली ते आबांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. देशाचं लक्ष किती गेलं ते मला माहीत नाही, पण त्यानंतर लोकसभेची अनामत १० हजार झाली. बेळगावसारख्या लांबच लांब यादीचा त्यात मोठा वाटा होता. आजी म्हणायची, "तुझ्या आजोबांनी दिल्लीचा कायदा बदलला." म्हशीचं दूध काढताना म्हणायची, त्यामुळे हसत होती की चिडत होती ते तोंड बघून कळायचं नाही.

एवढं सगळं असूनही विसाव्या वर्षापर्यंत मी त्यात नव्हतो. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा फलक कोर्टाच्या आदेशाने काढला, गावाने परत उभा केला, परत काढला आणि लाठ्या चालल्या, तेव्हा मी शाळेत होतो. मला त्यातलं आठवतं ते एवढंच, की बस बंद झाल्या आणि मामाकडे जायचं राहिलं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला शहराचं सरकारी नाव 'बेळगावी' झालं. आम्ही तेव्हा क्रिकेटमध्ये. पुढं गणपती मंडळ, शिवजयंतीची रात्रभर चालणारी चित्ररथ मिरवणूक, नवरात्रात पहाटे दुर्गामाता दौड. भगवा फेटा बांधायचा, पळायचं, घरी येऊन परत झोपायचं. हे सगळं मराठीतच चालायचं, त्यामुळे मराठीसाठी वेगळं काही करायला लागतं असं डोक्यात आलं नाही.

पहिलं पाऊल पडलं ते २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत, आणि खरं सांगायचं तर रिकामपणामुळे. कोरोनामुळे कारखान्यात आठवड्यात तीनच दिवस काम होतं. समितीने शुभम शेळके हा तरुण उमेदवार दिला होता. मित्राने मोटारसायकलवर मागे बसवलं आणि नेलं. मी आधी पाण्याच्या बाटल्या वाटल्या, मग पत्रकं, आणि आठव्या दिवशी एका गल्लीत ठरलेला वक्ता आला नाही म्हणून माझ्या हातात माईक आला. तीन वाक्यं बोललो. चौथं आठवेना. मग आपली नेहमीची घोषणा दिली, "बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह..." आणि पुढचं लोकांनीच पूर्ण केलं. घोषणा कशासाठी असतात ते मला त्या दिवशी कळलं. भाषण विसरलेल्या माणसाला तेवढाच आधार असतो.

पण त्या महिन्यात जे बघितलं ते विसरणार नाही. बायका घरातून दहा-दहा रुपये आणून द्यायच्या. एका म्हातारीने तांदळाच्या डब्यातून नोट काढली, ती पिठूळ झालेली नोट अजून डोळ्यांसमोर आहे. १,१७,१७४ मतं पडली. निवडून आलेल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांतला फरक पाच हजारांच्या आसपास होता. आम्ही तिसरे, पण त्या रात्री गावात जिंकल्यासारखे फटाके वाजले. आणि सप्टेंबरमध्ये महापालिकेची निवडणूक झाली. ५८ पैकी ३५ जागा भाजपला आणि आमची माणसं बोटांवर मोजण्याएवढी. ज्या गल्लीत मी तीन वाक्यं बोललो होतो तीही गेली. मला वाटलं, झालं, संपलं. परत मशीनवर.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हलगा-मच्छे बायपासच्या कामाला पोलिस बंदोबस्तात परत सुरुवात झाली. शिफ्टला जाताना बघितलं, उभ्या पिकात जेसीबी. आपली जमीन नव्हती, म्हणून गाडी थांबवली नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण थांबवली नाही हे खरं आहे.

आणि मग आमच्याही शिवाराचा नंबर लागला. रस्ता वेगळा, गोष्ट तीच.

एका संध्याकाळी अप्पांनी प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेली एक झेरॉक्स काढली. तलाठ्याच्या माणसाने चार दिवसांपूर्वी दिलेली. अप्पा मराठी सातवी. कन्नड बोललेलं थोडंफार समजतं, अक्षर मात्र एकही ओळखत नाहीत. "काय लिवलंय बघ की रं." मी दहावीला कन्नडमध्ये जेमतेम सुटलेला. बसलो अक्षर लावत. एक गंमत असते, सरकारी कन्नड निम्मं संस्कृत असतं. 'भूस्वाधीन' म्हणजे भूसंपादन हे अंदाजाने कळलं. 'अधिसूचने' कळलं. 'आक्षेपणे' म्हणजे हरकत, हेही कळलं. आकडा २१ आणि पुढं 'दिनगळ', म्हणजे दिवस. त्याच्यापुढचा एक शब्द लागला नाही. 'ओळगागी'. मोबाइलचा कॅमेरा धरून बघितला तर झेरॉक्स पुसट असल्यामुळे भलतंच काहीतरी आलं. मी एकूण अर्थ लावला आणि अप्पांना सांगितलं, "२१ दिवसांनी जाऊन हरकत द्यायची." अप्पांनी कॅलेंडरवर खूण केली. मुलगा शिकलेला आहे, अशा थाटात केली.

पुढचं घडलं ते बसमध्ये. गाडी पंक्चर होती म्हणून बसने उद्यमबागेला निघालो होतो. दारात लोंबकळत होतो. कंडक्टर ओरडला, "ओळग होगरी, ओळग!" आत चला, आत. हा शब्द मी जन्मापासून ऐकतोय. कुणाला अर्थ विचारावा लागला नव्हता, आपोआप पाय आत सरकायचे. आणि त्या दिवशी पाय आत सरकता सरकता डोक्यात काहीतरी टचकन तुटलं. ओळग म्हणजे आत. ओळगागी. २१ दिवसांच्या आत.

तो चोविसावा दिवस होता.

तिसऱ्या गेटचा स्टॉप येईपर्यंत मी तसाच उभा राहिलो, मग उतरलो आणि उलट्या दिशेच्या बसमध्ये बसून घरी गेलो. अप्पा गोठ्यात होते. सांगितलं. ते काही बोलले नाहीत, म्हशीला वैरण घालत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेलो. मुदत संपली, असं तिथल्या माणसाने सांगितलं, आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. मी मराठीत अर्ज लिहून नेला होता. त्याने वरचा मायना बघितला आणि कागद माझ्याकडे सरकवला. "कन्नडदाग बरदकोंड बर्री." कन्नडमध्ये लिहून आणा. पाठीमागे रांग होती. मी कागद घेऊन बाहेर आलो.

तिथून मी गेलो गुरुजींकडे. गुरुजी म्हणजे आमच्या भागातले समितीचे जुने कार्यकर्ते, निवृत्त शिक्षक. सत्याग्रहात आत जाऊन आलेले. "रहेंगे तो महाराष्ट्र में, नहीं तो जेल में" ही घोषणा त्यांच्या तोंडी अजून तशीच्या तशी निघते. मला वाटलं, आता सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगापासून सुरुवात करतील. त्यांनी नोटीस मागितली, चष्मा पुसला आणि विचारलं, "कुठल्या कायद्याखाली आलीय ही?" मला ठाऊक नव्हतं. त्यांनी कपाटातून एक जीर्ण फाइल काढली. राष्ट्रीय महामार्ग कायदा. "हाही १९५६ चाच," म्हणाले. "त्या वर्षाने आपल्याला काय काय दिलंय बघ." हरकतीची २१ दिवसांची मुदत त्या कायद्यातच आहे. आणि त्याच कायद्यात असं आहे की अधिसूचनेचा गोषवारा दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापायचा, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं हवं. गुरुजींनी त्या दोन शब्दांवर नख ठेवलं. "स्थानिक भाषा. आता सांग, आपल्या गावची स्थानिक भाषा कुठली? कायदा सांगत नाही. सगळं भांडण एवढंच आहे."

मग त्यांनी राज्यघटनेतलं ३५० वं कलम दाखवलं. संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत माणूस आपलं गाऱ्हाणं सरकारकडे देऊ शकतो. अर्ज नाकारता येत नाही. शिवाय जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या, हे साठ वर्षांपूर्वीच ठरलेलं. मी इतकी वर्षं मिरवणुका बघितल्या, घोषणा ऐकल्या, पण '३५०' असं कुणी ओरडलेलं ऐकलं नव्हतं. त्यात यमक जुळत नाही म्हणून असेल.

परत गेलो. या वेळी अर्जाच्या डोक्यावर कलमाचा आकडा लिहिला आणि पोचपावती मागितली. त्याच माणसाने दोन मिनिटं कागद फिरवला आणि शिक्का मारला. एवढंच. तो शिक्का जांभळ्या शाईचा होता आणि अर्धाच उमटला होता. मी तो कागद लॅमिनेट करून घेतला, अजून आहे. अर्ज मराठीत स्वीकारला गेला म्हणून आमची मुदत काही परत आली नाही. गावातल्या ज्यांनी वेळेत हरकत दिली होती त्यांना सुनावणीला बोलावलं. आम्हाला नाही.

मी समितीत गेलो तो या दिवशी. रक्त वगैरे ठीक आहे. मला एक शब्द आला नाही, म्हणून गेलो.

आता कोणीही म्हणेल, मग कन्नड शिकून घे की. तेच केलं. आमच्या मशीनवर माझा जोडीदार बैलहोंगलकडचा, घरी शुद्ध कन्नड. चहाच्या सुट्टीत त्याच्याकडून अक्षरं गिरवली. त्याच्या मुलीचं पहिलीचं पुस्तक आमच्या टूलबॉक्समध्ये, कटरच्या शेजारी पडलेलं असायचं, त्याला कूलंटचा वास लागला होता. कशासाठी शिकतोय ते मी लपवलं नाही. तो म्हणाला, "म्हणजे आम्हाला शिव्या घालायला आमचीच भाषा?" मी म्हटलं, नोटीस वाचायला. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग त्याने त्याचं सांगितलं. त्याचे वडील गूळ विकायला बेळगावच्या बाजारात यायचे. मराठी यायचं नाही. दुकानदार त्यांच्याशी मराठीतच बोलायचे आणि त्यांचं मोडकं मराठी ऐकून हसायचे. "आम्ही आमच्याच जिल्ह्याच्या गावात येऊन हसं करून घ्यायचो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मी त्याच्याकडून पुढचं अक्षर शिकून घेतलं.

पुढच्या दीड वर्षात मी जवळपास प्रत्येक मोर्चात होतो. रिंगरोडविरोधात तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी २०२२ साली चाबूक मोर्चा काढला तेव्हा आबांचा जुना चाबूक खांद्यावर टाकून गेलो. आमच्या रस्त्यासाठीही बैठका झाल्या आणि तिथे पहिलं भांडण झालं, तेही आपल्याच माणसांशी. आमच्या पट्ट्यात कन्नड शेतकऱ्यांचीही जमीन जात होती. त्यातला एकजण बैठकीला आला, मागे बसला, आणि शेवटी मला हळूच कन्नडमध्ये म्हणाला, पत्रक आमच्या भाषेत का नाही? मी बैठकीत विषय काढला. एकदम शांतता. मग एक ज्येष्ठ म्हणाले, "समितीचं पत्रक कन्नडमध्ये? डोकं ठिकाणावर आहे काय तुझं?" दुसरे म्हणाले, आज पत्रक कन्नडमध्ये, उद्या बोर्ड. मला त्यांची भीती समजते. ज्यांनी १९८६ बघितलं त्यांना ती भीती असणारच. पण जो माणूस आपल्यासारखाच जमीन गमावतोय त्याला आपण नोटीस त्याला न समजणाऱ्या भाषेत देतोय, आणि हेच तर आपलं सरकारविरुद्धचं गाऱ्हाणं आहे, एवढं तरी दिसायला नको? मी घरी येऊन मोडक्या कन्नडमध्ये पत्रक लिहिलं, जोडीदाराकडून तपासून घेतलं आणि स्वतःच्या पैशाने २०० झेरॉक्स काढल्या. त्यात सात चुका निघाल्या होत्या. समितीच्या नावाशिवाय वाटल्या.

पहिला गुन्हा काळ्या दिनाचा. त्या वर्षी परवानगी नव्हती. काळे शर्ट, दंडावर काळ्या फिती, संभाजी उद्यानापासून सायकल फेरी. त्याच दिवशी, त्याच शहरात, राणी चन्नम्मा चौकात लाल-पिवळे झेंडे घेऊन राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकच्या स्थापना दिनाची मिरवणूक. दोन्हीकडे वीस-बावीस वर्षांचीच पोरं. माझी सायकल शेजाऱ्याच्या मुलीची, पुढं बास्केट असलेली, आणि फोटोत तीच आली. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. तीन आठवड्यांनी कळलं की नावं घातली आहेत.

बेकायदा जमाव, आदेशाचा भंग. कलमं किरकोळ असतात, त्रास किरकोळ नसतो. आधी समन्स येतं. मग वकील. समितीचे वकील फी घेत नाहीत, पण झेरॉक्स, मुद्रांक, तिकिटं आपली. जामीनदार लागतो आणि जामीनदाराला उतारा लागतो. चुलत्यांनी त्यांचा उतारा दिला, तो अर्थातच कन्नडमध्ये. म्हणजे मराठीसाठी केलेल्या गुन्ह्याचा जामीन कन्नड उताऱ्यावर. मग तारखा. महिन्या-दोन महिन्यांनी एक. सकाळी अकराला हजर, दुपारी तीनला पुकारा, 'पुढची तारीख'. दर तारखेला एक दिवसाचा पगार जातो. सुपरवायझर भला माणूस आहे, पण प्रत्येक वेळी विचारतो, "आज काय, कोर्ट की लग्न?"

लग्नाचं म्हणाल तर त्याचंही झालं. एक स्थळ पुण्याचं. मुलीच्या मामांनी विचारलं, केस कसली? म्हटलं, सीमाप्रश्नाची. "म्हणजे कुठली सीमा? पाकिस्तानची?" गंमत करत नव्हते. कोल्हापूरचा माणूस असं विचारणार नाही, पण पुणं लांब पडतं. दुबईला मशिनिस्टची एक जागा होती, तीही पासपोर्टच्या पडताळणीत अडकली. त्यावर आईने फक्त एवढंच म्हटलं की आबांचे ५०० रुपयेच गेले होते.

दुसरा गुन्हा महामेळाव्याचा. हलग्याला सुवर्ण विधानसौध ही कर्नाटक विधिमंडळाची इमारत २०१२ साली उभी राहिली, हिवाळी अधिवेशन तिथं भरतं, आणि त्याच्या पहिल्या दिवशी समिती मराठी माणसांचा महामेळावा घेते. परवानगी नाकारली गेली होती. आम्ही मैदानापर्यंत पोचलोच नाही, वाटेतच बसमध्ये बसवलं, एका मंगल कार्यालयात ठेवलं, दुपारी उप्पीट दिलं, संध्याकाळी सोडलं. उप्पीट चांगलं होतं. मंगल कार्यालयात आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं तशीच होती. त्या स्टेजवर बसून आमच्यातल्या एकाने भाषण केलं, ऐकायला आम्ही ४० जण आणि बंदोबस्ताचे शिपाई. त्यातला एक शिपाई मराठी होता, शेवटच्या टाळीला त्याचे हात अर्ध्यावर आले आणि थांबले.

महाराष्ट्राकडून आम्हाला काय मिळालं, असं आता नवी पोरं विचारतात. २००४ साली महाराष्ट्राने सुप्रीम कोर्टात दावा टाकला, तो अजून तिथंच आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी फुले जनआरोग्य योजना लागू केली. कॉलेजात सीमाभागासाठी जागा असतात, माझी बहीण त्यातूनच कोल्हापुरात शिकली. हे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. पण निवडणुकीच्या आसपास ज्या आवेशात आमचं नाव घेतात, त्या आवेशाला हा हिशेब जुळत नाही. आणि दोष सगळा मुंबईचा नाही. २०१३ ला आमचे दोन आमदार होते. २०१८ ला शून्य, २०२३ ला पुन्हा शून्य. आमच्यात गट किती आहेत ते मी मोजायचं सोडलं. दौडीत पळणारी हजार पोरं मतदानाच्या दिवशी कुठं जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. भगवा फेटा दोन्हीकडे चालतो, काळा शर्ट एकाच ठिकाणी. त्या पोरांना मी नावं ठेवत नाही. विसाव्या वर्षापर्यंत मीही त्यातच होतो आणि मला कुणी येऊन उतारा वाचून दाखवला नव्हता.

हे मी युवा समितीच्या बैठकीत बोललो. म्हटलं, बोर्डाच्या आधी नोटिशीसाठी भांडू. प्रत्येक गावात एकजण असा हवा की जो आलेला कागद त्याच दिवशी मराठीत सांगेल. आणि मराठी परिपत्रकांसाठी अर्ज द्यायचे, ३५० कलम लिहून, हजारांनी. गुरुजी बैठकीला होते. मला वाटलं, ते उचलून धरतील. ते म्हणाले, "कागद मराठीत मिळायला लागले तर उद्या लोक म्हणतील, इथंच बरं आहे. मग महाराष्ट्र कशाला?" ज्या माणसाने मला कलम दाखवलं तोच असं म्हणाला. रात्री मी त्यांना घरी सोडायला गेलो तेव्हा गाडीवर मागे बसून ते पुटपुटले, "तू म्हणतोस ते चुकीचं नाही. पण मी ८१ वर्षांचा आहे. मला आता एवढंच मागता येतं."

२०२४ मध्ये पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवं असा नियम आला तेव्हा गल्लीतल्या टेलरने मला बोलावलं. पेंटर यायचा होता. "चुकीचं लिहून ठेवलं तर परत दंड. तू जरा लिहून दे." मी कागदावर त्याच्या दुकानाचं नाव कन्नडमध्ये मोठ्या अक्षरात लिहून दिलं आणि खाली मराठीत, उरलेल्या ४० टक्क्यांत. समितीतल्या काहींनी दोन आठवडे माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांच्यातल्याच एकाने तिसऱ्या आठवड्यात वीज बिलाचा कागद पुढं केला.

आता रविवारी सकाळी मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर मी तासभर बसतो. कुणी ठरवून दिलेलं नाही, तसं झालंय. रेशनचं, बँकेचं, पंचायतीचं, कोर्टाचं, जे असेल ते लोक घेऊन येतात. मागे उलट्या बाजूला मी पेन्सिलने मराठीत सार लिहितो आणि तारीख असेल तर तिच्याभोवती गोल करतो. जोडीदार एकदा गावच्या जत्रेला आला होता, त्याने हे बघितलं आणि माझ्या शेजारी बसून दोन कागद त्यानेही उरकले. त्याचं मराठी माझ्या कन्नडपेक्षा बरं आहे.

आमच्या शेतात मोजणीचे दगड लागलेत. रस्ता अजून आलेला नाही. या वर्षीही भात लावलं, दगड सोडून.

गेल्या महिन्यात अप्पांनी परत एक पाकीट आणलं. या वेळी पिशवीत ठेवलेलं नव्हतं, आल्या आल्या शेतातून सरळ कट्ट्यावर घेऊन आले, पायाला चिखल तसाच. मी कागद उघडला आणि वाचायला लागलो. काय लिहिलंय हे त्यांनी विचारलं नाही. वाकून कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. आकडे त्यांना येतात, ३० होतं. मग माझ्याकडे बघून, आयुष्यात कधी कन्नडचा एक शब्द तोंडातून न काढलेला माझा बाप म्हणाला,

"ओळग?"

"व्हय अप्पा," मी म्हटलं. "ओळग."